कायमची असमर्थ

मे महिना सरत आला होता आणि सफरचंदं बोराएवढी झाली होती. या दिवसांत शांगलिन गावात कोणाचं दार वाजवून उपयोग नसतो. म्हातारीकोतारीसुद्धा बागेत असतात. झाडावरच्या एकेका फळाला कागदी पिशवी घालायची, तोंड चुरगळायचं, तार आवळायची, की पुढचं फळ. तीन आठवड्यांत काम उरकलं नाही तर ऊन चढतं, फळाची साल खरबरीत होते आणि शरदात व्यापारी त्या ढिगाकडे ढुंकून बघत नाही.

सुलान खालच्या फांद्यांचं काम बसून करत होती. बुटक्या स्टुलावर, डावा पाय लांब सोडून. कमरेला पिशव्यांचा गठ्ठा बांधलेला, बोटं थुंकीनं ओली. वरच्या फांद्या नवरा करत होता. त्याचं नाव बाओतियान. त्याच्या एका पिशवीला तिच्या दोन होत, आणि हे दोघांनाही माहीत असल्यामुळे कोणी बोलत नव्हतं.

गावसमितीचा सचिव लुओ स्कूटरवरून आला तेव्हा दहा वाजले असतील. पस्तिशीचा, पोरगेलासा माणूस, सदा घाईत. बांधावर स्कूटर लावून तो आत शिरला आणि सुलानला बघून जागीच थबकला.

"काकू, तुम्ही इथे काय करताय?"

"मग कुठे असू? लग्नाला जाऊ?"

लुओनं कपाळाला हात लावला. मग बाओतियानला खाली बोलावून हळूच समजावलं की अर्ज वर पाठवायची वेळ आलीय, सोबत फोटो लागतो, आणि बागेत बसून पिशव्या घालणाऱ्या बाईचा फोटो पाठवला तर वरचे लोक त्यालाच जाब विचारतील. घरी चला, झोपायच्या ओट्यावर निजवून फोटो काढू, दहा मिनिटांचं काम.

अर्ज होता ऑपरेशनच्या मदतीसाठी. सुलानच्या मांडीचं हाड खुब्यापाशी तीन हिवाळ्यांपूर्वी मोडलं होतं. आता तो खुबाच बदलायचा होता. विमा अर्ध्याहून जास्त देणार होता. तरी तीस हजार युआन पदरचे भरायचे होते, आणि पदर पहिल्याच ऑपरेशनमध्ये रिकामा झाला होता.

ती घरी गेली. थंडीत खालून तापवायच्या मातीच्या ओट्यावर, भर उन्हाळ्यात जाड रजई घेऊन निजली. लुओनं सांगितलं म्हणून केस थोडे विस्कटले. लुओनं सांगितलं म्हणून भिंतीकडे तोंड केलं, मग परत इकडे केलं. बाओतियान उशाशी औषधांची खोकी मांडत होता. त्यातली निम्मी रिकामी होती. फोटो निघाला. लुओनं फोन पुढे केला आणि सुलाननं बघितलं. मढं आंघोळ घालून ठेवावं तसा तो चेहरा होता.

"छान आलाय," लुओ म्हणाला, आणि लगेच ओशाळला.

मग त्यानं कागद काढला, लाल शाईची डबी उघडली आणि तिचा अंगठा धरून त्यात टेकवला. सुलान पाचवीपर्यंत शिकली होती. वाचता यायचं, पण गाढवानं चढ चढावा तसं, थांबत थांबत. लुओ घाई करत होता. तिनं कागद सोडला नाही. नाव बरोबर होतं. वय सत्तेचाळीस, बरोबर. त्याखाली लिहिलं होतं, सदर व्यक्ती श्रम करण्यास कायमची असमर्थ आहे.

तिनं ते दोनदा वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

लुओ म्हणाला, ते असंच लिहायचं असतं. या खात्यातून पैसे हवे असतील तर हे वाक्य लागतंच, त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. मग तो थोडा चाचरला. आणखी एक गोष्ट होती. असमर्थ कुटुंबाची बाग गावाच्या सहकारी संस्थेकडे कसायला जाते, नियमच आहे तसा. खंड मिळेल दरवर्षी. तुम्हालाही डोक्याला ताप नको.

सुलान रजई बाजूला सारून उठून बसली. ओल्या लाल अंगठ्याकडे तिनं बघितलं आणि तो ओट्याच्या मातीच्या कडेवर घासून घासून पुसला.

"काम करता यावं म्हणून मला खुबा हवाय, लुओ. आणि तू म्हणतोस, आधी लिहून दे की काम करणार नाही. मग खुबा काय पूजेला बसवू?"

---

ती पडली ती जानेवारीत. फांद्या छाटायचे दिवस होते. शिडीच्या पायरीवर दहिवर गोठलं होतं, पाय सटकला आणि ती खाली कडक जमिनीवर डाव्या अंगावर आदळली. जिल्ह्याच्या इस्पितळात हाडात तीन स्क्रू बसवले. चार महिने ती ओट्यावरून हलली नाही. बाओतियाननं भांडं धरलं, अंग पुसलं, कूस बदलली. तो राकट हाताचा माणूस, कूस बदलताना तिला दुखायचं आणि ती ओठ चावायची. केसांच्या जटा झाल्या तेव्हा मैत्रीण रुइफांगनं येऊन कात्रीनं सगळे कापून टाकले आणि गप्पा मारता मारता रडून घेतलं. सुलान रडली नाही. तिनं आरसा मागितला, बघितलं आणि म्हणाली, मेंढी बरी दिसते.

पाचव्या महिन्यात ती उभी राहिली. अंगणाची भिंत बावीस पावलांची. पहिल्या दिवशी ती तीन पावलं गेली आणि उलटी झाली. मग रोज सकाळी राळ्याची पेज पिऊन भिंत धरायची. पावसाळ्यात ती कुबड्यांवर फाटकाबाहेर पडली, थंडीत एका कुबडीवर. चौदाव्या महिन्यात एकटी बाजाराला गेली आणि व्हिनेगरची बाटली घेऊन चालत परत आली. गल्लीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी तिला जो ताठा आला, तसा लग्नातसुद्धा आला नव्हता.

दोनच महिन्यांनी जांघेत कळ सुरू झाली. डॉक्टरनं हाडाचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. रक्त न पोचल्यामुळे हाडाचा गोळा आतून मरत चालला होता, पेंढ्यासारखा पिचत होता. तुमची काही चूक नाही, असं होतं कधीकधी, तो म्हणाला. सुलानला वाटलं, चूक असती तर बरं झालं असतं, सुधारता तरी आली असती.

ही गोष्ट तिनं गावाला कळू दिली नाही. पुन्हा लंगडणं तिच्या जिवावर यायचं. गल्लीतून जाताना ती डाव्या हातात भरलेली टोपली घ्यायची, म्हणजे झोक जातो तो ओझ्यामुळे असं लोकांना वाटायचं. घरी येऊन टोपली ठेवली की दाराला धरून उभी राहायची, कळ ओसरेपर्यंत.

---

लुओ गेल्यावर नवराबायकोत जुंपली. बाओतियान फार बोलणारा नव्हता, म्हणूनच बोलला की लागायचं. तो म्हणाला, एक ओळ आहे ती, कागदावरची शाई. कागदावर काय लिहिलं म्हणून काय तुझे हात गळून पडणार आहेत? सहा महिन्यांनी तुला उचलून नेताना माझे हात मात्र गळतील.

"आणि बाग?"

"बाग गेली तर मी मजुरीला जाईन."

"आणि मी?"

त्यानं पिशव्यांचा गठ्ठा उचलला आणि निघून गेला. चार दिवस दोघं एकाच बागेत, एका झाडाच्या वर-खाली काम करत होती आणि बोलत नव्हती. जेवायच्या वेळी तो वाफवलेला पाव आणि मिरचीची वाटी तिच्या स्टुलापाशी ठेवायचा, पाण्याची बाटली हाताला येईल अशी ठेवायचा, आणि पाठ करून बसायचा. संध्याकाळी स्टुलावरून उठताना तिचा खुबा कट्‌ असा वाजायचा. तो आवाज ऐकून वर त्याचे हात थांबायचे.

पाचव्या दिवशी पहाटे ती रुइफांगच्या तीनचाकी गाडीत बसून तालुक्याला गेली. मदत कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. कठड्याला धरून, उजवा पाय आधी, मग डावा ओढून घेत ती वर पोचली तेव्हा पाठीवरचा सदरा घामानं चिकटला होता. खिडकीमागे एक तरुण मुलगी बसली होती, नखं सुरेख रंगवलेली. सुलाननं सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, वर कशा आलात?

जिन्यानं, सुलान म्हणाली.

"तीन मजले चढून आलात, मावशी. मग अर्ज कशाचा करताय?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. सुलाननं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर टेकवले, कारण पाय थरथरत होता.

"तू तळमजल्यावर बसली असतीस तर मी तिथेच विचारलं असतं. तू वर बसलीस, म्हणून वर आले. आता मला सांग, जो जिना चढू शकत नाही त्यानं इथे यायचं नाही, आणि जो चढतो त्याला द्यायचं नाही. मग हे पैसे जातात कोणाला?"

मुलगी लाल झाली. वाईट नव्हती ती, नवीन होती. तिनं कपाटातून दुसरा कागद काढला. आजारपणाच्या खर्चाची तात्पुरती मदत. रक्कम कमी, वीस हजारांच्या वर नाही, पण त्यात असमर्थतेची ओळ नव्हती आणि बागेचा संबंधही नव्हता. फक्त गावानं निवडलेल्या पंधरा प्रतिनिधींपैकी निदान आठांनी जाहीर बैठकीत हात वर करून सांगायला हवं होतं की या बाईला गरज आहे.

"ते अवघड जातं," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "लोक शक्यतो त्या वाटेला जात नाहीत. गावासमोर उभं राहावं लागतं."

"उभं राहायचंच शिकले मी वर्षभर," सुलान म्हणाली आणि कागदाची घडी करून छातीशी ठेवला.

---

बैठक दुपारच्या विसाव्याला ठरली, कारण पिशव्यांच्या दिवसांत दुसरी वेळ कोणाला नव्हती. आदल्या दिवशी रुइफांग आली आणि तिनं मायेनं सल्ला दिला. कुबडी घेऊन ये. जमल्यास बाओतियानच्या पाठीवर ये. पावडर लावू नकोस, चेहरा उतरलेला दिसू दे. लोक डोळ्यांनी मत देतात, कानांनी नाही. सुलाननं तिचा हात दाबला आणि म्हणाली की पावडर ती कधीच लावत नाही. बाकीचं बघू.

समितीच्या अंगणात अक्रोडाच्या सावलीत बाकं मांडली होती. पंधराही प्रतिनिधी आले होते, हातापायांना बागेची माती तशीच. बघे वेगळेच. भिंतीशी बायका सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत उभ्या होत्या. सुलान चालत आली, रिकाम्या हातानं. बाओतियान तिच्या चार पावलं मागे होता. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं.

लुओनं अर्ज वाचून दाखवला. कोणाला काही विचारायचंय का, म्हणाला. मग छिनकाका खाकरले. प्रतिनिधींतलेच एक, सत्तरीचे, काटक, गावात मान असलेले. स्वतःची विहीर एकट्यानं खणलेले.

ते म्हणाले, माझं कोणाशी वैर नाही. पण डोळे आहेत मला. ही बाई बाजाराला जाते. टोपली भरून आणते. परवा बागेत पिशव्या घालत होती आणि हात असे चालत होते की माझी सून बघत राहिली. गावात पक्षाघात झालेले दोघं आहेत, एक आंधळी आहे. सरकारच्या पैशाला तळ आहे. तो निजलेल्याला द्यायचा की चालत्याला?

दोन-तीन माना हलल्या. बिया फोडण्याचा आवाज थांबला. लुओनं सुलानकडे असं बघितलं, जणू म्हणत होता, मी सांगत होतो ना.

सुलान बाकावरून उठली. उठताना तिनं समोरच्या बाकाला धरलं, नेहमी कोणाच्या लक्षात येणार नाही असं धरायची तसं नाही, उघड धरलं.

"छिनकाका बघतात ते खरं आहे," ती म्हणाली. "मी बाजाराला जाते. पण टोपली का भरलेली असते ते त्यांना दिसलं नाही, कारण मीच दिसू दिलं नाही. आता बघा."

आणि ती चालायला लागली. एका टोकाच्या भिंतीपासून दुसऱ्या टोकाच्या फाटकापर्यंत. वर्षभर जे दाबून ठेवलं होतं ते तिनं सोडून दिलं. पाय जसा पडायचा तसा पडू दिला. डाव्या पायावर भार आला की कंबर एका बाजूला खचायची, खांदा झुकायचा, आणि तोंड वाकडं व्हायचं ते तिनं होऊ दिलं. अंगणात तिच्या कापडी जोड्याच्या फरपटीखेरीज आवाज नव्हता. फाटकाला हात लावून ती वळली. परत येताना मध्येच थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. बाओतियान अर्धा उठला होता. तिनं हातानं त्याला बसवलं.

ती छिनकाकांच्या समोर येऊन उभी राहिली.

"ही मी. मी काम करते, हे खरं. प्रत्येक पावलाला सुरी फिरते, हेही खरं. तुम्हाला दोन्हींतलं एकच खरं हवंय. मी निजून आले असते तर तुम्ही हात वर केला असतात. चौदा महिने मी भिंत धरून चालायला शिकले, त्याचा मला दंड भरायला लावू नका."

ती बाकीच्यांकडे वळली.

"मला दया नकोय. डॉक्टर म्हणतो, खुबा बदलला तर वीस वर्षं बाग होईल. नाही बदलला तर दोन वर्षांत मी त्या निजलेल्यांत जाईन. मग छिनकाका माझ्यासाठी हात वर करतील. तोवर थांबायचं असेल तर सांगा, मी पिशव्या घालायला जाते. ऊन चढतंय."

एवढं बोलून ती बसली. डावा पाय तिनं सगळ्यांसमोर लांब सोडला.

लुओनं मतं मागितली. पहिला हात रुइफांगच्या दिराचा होता. मग मागच्या बाकावरून दोन. मग थोडी थांबाथांब, एकमेकांकडे बघणं, आणि एकेक करत नऊ झाले. आठ पुरे होते. लुओनं आकडा दोनदा मोजला आणि मग आपलाही हात वर केला. छिनकाकांनी केला नाही. दोन्ही हात काठीवर ठेवून ते समोर बघत राहिले. निघताना तिच्या जवळून गेले तेव्हा एवढंच म्हणाले की, मी अजूनही माझ्या जागी बरोबर आहे. सुलान म्हणाली, असा की. मी माझ्या जागी आहे.

---

अठरा हजार मिळाले. उरलेल्या बाराचा प्रश्न होता. बाओतियान एके दुपारी धुतलेला सदरा घालून निघून गेला आणि दिवेलागणीच्या आधी परत आला. तो पलीकडच्या टेकडीवर थोरल्या भावाकडे गेला होता. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघं भाऊ सहा वर्षं बोलत नव्हते. भावानं आधी त्याला दारातच उभं केलं, शेजाऱ्यांच्या देखत जुनं सगळं काढलं. बाओतियाननं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मग भावजयीनं शेवया वाढल्या आणि भावानं निम्मे दिले. हे सगळं त्यानं जोडे काढता काढता, भिंतीकडे बघत सांगितलं. बाकीचे रुइफांगनं आणि पिशव्यांच्या टोळीतल्या बायकांनी जमवले. सुलाननं त्यांना सांगून ठेवलं की पुढच्या मेमध्ये ती प्रत्येकीच्या झाडांवर येईल. त्या म्हणाल्या, येशीलच, तुझ्याशिवाय आम्हाला शिव्या कोण देणार.

शेवटच्या झाडाला पिशव्या घालून झाल्याशिवाय ती इस्पितळात गेली नाही. डॉक्टर रागावला. ती म्हणाली, फळ थांबत नाही, हाड थांबतं. ऑपरेशन जूनच्या मध्यावर झालं. तिसऱ्या दिवशी तिला चौकटीला धरून उभं केलं तेव्हा तिनं डाव्या पायावर भार दिला, ठसठस होती, पण ती सुरी नव्हती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. बाओतियाननं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, कुठे गेली ती शोधतेय.

दोन वर्षांनी गावाच्या प्रतिनिधींची निवड झाली आणि बायकांच्या जागेवर तिचं नाव आलं. कोणी सुचवलं ते तिला ठाऊक नव्हतं. पहिल्याच बैठकीला लिफेन नावाची एक बाई मदतीसाठी आली होती. पोटाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, आता दुसरं करायचं होतं. शेळ्या राखायची ती, कमी बोलणारी. लुओनं अर्ज वाचला. छिनकाकांनी खाकरून विचारलं की ही बाई परवा शेळ्या घेऊन ओढ्यापर्यंत गेली होती ना.

लिफेननं एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि जखमेचा व्रण दाखवायला सदऱ्याची गुंडी सोडू लागली.

"गुंडी लाव," सुलान म्हणाली. "इस्पितळाचे कागद आम्ही वाचलेत. बस तू."

लिफेनचा हात गुंडीवरच राहिला. सुलान उठून उभी राहिली. या वेळी तिनं कशाला धरलं नाही.

"शेळ्या राखते, तर राखणारच. मेल्यावर राखेल का? काका, तुम्हाला आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारा, तिला नको."

छिनकाका काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत राहिले. लुओनं मतं मागितली. सुलाननं हात वर केला आणि बाकीच्यांकडे एकेक करून बघत, खाली न घेता, तसाच धरून ठेवला.